तळ्यापासून जलतरण तलावापर्यंत



सोलापूरकडच्या माणसापुढे पोहण्याचा विषय काढला, की तो आधी हसतो. "अहो, प्यायच्या पाण्याची मारामार, आणि तुम्ही पोहायचं काय घेऊन बसलात?" असे म्हणून मोकळा होतो. त्याचे हसणे अगदीच अस्थानी आहे असे नाही. आपल्या भागात पाऊस पडतो वर्षाकाठी वीस-बावीस इंच, तोही लहरीप्रमाणे. दुष्काळ तर आपल्या घरच्या पाहुण्यासारखा. कधी येईल आणि किती दिवस राहील, सांगता येत नाही. अशा मुलुखात केवळ पोहण्यासाठी लाखो लिटर पाणी साठवावयाचे, त्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च करावयाचा, हे शहाणपणाचे आहे काय, असा प्रश्न कोणीही विचारील. या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते का, ते आज आपण पाहू.

प्रथम आपल्या घरचीच गोष्ट घेऊ. आपल्याकडे पोहणे शिकविण्याची शाळा म्हणजे विहीर. पाठीला वाळका भोपळा, नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा, अगदीच काही नाही तर तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा बांधावयाचा. कमरेला दोर लावून तो काठावरच्या चुलत्याच्या हातात द्यावयाचा. आणि मग मागून कोणीतरी ढकलावयाचे. चार दिवसांत पोरगा हातपाय मारू लागे, आठव्या दिवशी भोपळा सुटे, आणि पंधरवड्यात तो थारोळ्यावरून मुटका मारी. याला फी नव्हती, गणवेश नव्हता, प्रमाणपत्रही नव्हते. भोपळ्याचे तर आपल्या नद्यांवर फार जुने राज्य. भोपळ्यांची सांगड करून तिच्यावरून माणसे नदी उतरून जात असत.

पण या शाळेत दोन उणिवा होत्या, त्या आपण मोकळेपणाने मान्य केल्या पाहिजेत. एक, या शाळेत मुलींना बहुधा प्रवेश नसे. दुसरी, विहीर कोणाच्या मालकीची आणि पोरगा कोणत्या घरचा, हे पाहूनच तिचा दरवाजा उघडे. आता तर ही शाळाही बंद पडत चालली आहे. मोट गेली, पाणी खोल गेले, आणि विहिरीच्या जागी विंधन विहीर आली. तिच्यात बादलीसुद्धा बुडत नाही, तर पोरगा काय पोहणार? उलट, धोका मात्र वाढला. २०१६ पासून राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाली आणि माळामाळांवर शेततळी दिसू लागली. शेतीला त्यांचा उपयोग मोठा. परंतु ज्या तळ्याला प्लास्टिकचे अस्तर घातलेले असते, त्याच्या उताराला शेवाळ धरले, की माणसाचा पाय टिकत नाही. आत पडलेल्याला धरावयास ना दगड, ना झुडूप, ना पायरी. चांगला पोहणारासुद्धा तेथे काठावर येता-येता थकतो. आपल्या देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे पाण्यात बुडून मरतात, असे सरकारी नोंदी सांगतात. म्हणजे पोहणे ही चैन नव्हे, जीव वाचविण्याची विद्या आहे. पाणी कमी असलेल्या मुलुखात तर ती अधिकच लागते, कारण तेथल्या मुलाची आणि खोल पाण्याची गाठ क्वचित पडते, आणि पडते तेव्हा एकदम पडते.

आता जरा मागे जाऊ. सोलापूर शहराच्या मध्यभागी, भुईकोट किल्ल्याला लागून, सिद्धेश्वराचे तळे आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर यांनी ते लोकांच्या श्रमातून खोदविले, असे परंपरा सांगते. शहराबाहेर काही मैलांवर एकरुखचा तलाव आहे. आपण त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो. आदिला नदीवर मातीचा बांध घालून इंग्रजी अमदानीत तो बांधला गेला आणि १८७१ साली पुरा झाला. या दोन्ही तळ्यांत पुष्कळांनी पोहून घेतले असेल. पण ती पोहण्यासाठी बांधलेली नव्हती. एक भक्तीसाठी आणि जनसेवेसाठी, दुसरे पाटाच्या पाण्यासाठी. 'सर्व लोकांनी यावे, पाण्यात उतरावे आणि सुखरूप बाहेर पडावे' एवढ्याच हेतूने बांधलेली जागा ही कल्पना निराळी आहे.

तशी ती फार जुनीही आहे. सिंध प्रांतात मोहेंजोदडो येथे १९२५-२६ च्या सुमारास उत्खनन झाले, तेव्हा एक विटांनी बांधलेले स्नानकुंड उघडे झाले. लांबी सुमारे १२ मीटर, रुंदी सुमारे ७ मीटर, खोली सुमारे २.४ मीटर. दोन बाजूंनी पायऱ्या, कडेने खोल्या, आणि वापरलेले पाणी बाहेर जाण्यास पक्की मोरी. पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या सांध्यांत जिप्समचा गिलावा, आणि मागे डांबरासारख्या पदार्थाचा थर! साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्याला जी चिंता होती, तीच आजच्या इंजिनियरला आहे: पाणी आत कसे आणावे, आत कसे टिकवावे आणि घाण झाल्यावर बाहेर कसे घालवावे. त्या कुंडात कोणी उतरावे आणि कोणी उतरू नये, हे मात्र विटा आपल्याला सांगत नाहीत.

आधुनिक काळात सार्वजनिक स्नानगृहे आली ती इंग्लंडमधल्या गिरणगावांतून, आणि ती आली रोगराईच्या भयाने. १८३२ साली लिव्हरपूल शहरात पटकीची साथ आली. त्या वेळी किटी विल्किन्सन नावाच्या एका गरीब बाईच्या घरी पाणी तापविण्याचा मोठा हंडा होता. तिने तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना रोग्यांचे कपडे धुण्यासाठी मोकळा केला. पुढे १८४२ साली त्या शहराने सार्वजनिक स्नानगृह आणि धुणीघर उघडले, आणि १८४६ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून नगरपालिकांना कराच्या पैशातून अशी घरे बांधण्याची मुभा दिली. या घरांतच पुढे पोहण्याचे मोठे हौद झाले.

पण त्या हौदांची एक गंमत ऐकण्यासारखी आहे. गंमत कसली, खंतच ती. त्या काळी पाणी गाळण्याची यंत्रे नव्हती. हौद भरला, की चार-सहा दिवस तेच पाणी. मग ताज्या पाण्याच्या दिवशी तिकीट महाग, आणि पाणी जसजसे गढूळ होईल तसतसे तिकीट स्वस्त. थोडक्यात, सधनाला ताजे पाणी आणि मजुराला त्याचे उरलेले पाणी. हौद सार्वजनिक होता, पण पाणी सार्वजनिक नव्हते. विसाव्या शतकात वाळूची गाळणयंत्रे आणि क्लोरीन आले, तेव्हा कोठे सोमवारचे आणि शनिवारचे पाणी एक झाले.

यंत्राने पाणी शुद्ध करता येते. माणसाचे मन शुद्ध करण्याचे यंत्र मात्र निघालेले नाही. याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला, की सरकारी पैशाने चालणाऱ्या विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या असाव्यात. तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही आपले चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ साली केला. ठराव कागदावर राहिला. तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता. मज्जाव होता माणसांना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह शिस्तीने तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर या लोकांवर हल्ले झाले, आणि तळे बाटले म्हणून शेण-गोमूत्र घालून त्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला आधीचा ठरावही मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला तो मार्च १९३७ मध्ये, आणि तो तळे सर्वांना खुले ठेवण्याच्या बाजूने लागला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे!

या झगड्याचे फळ आपल्या राज्यघटनेत आहे. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या घटनेच्या पंधराव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे, की सरकारी पैशाने चालविलेल्या किंवा जनतेसाठी वाहिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही अडविता येणार नाही. शिक्षक बंधुभगिनींनो, हे कलम वर्गात शिकविताना चवदार तळ्याची गोष्ट जोडून सांगावी. 'तलाव' हा शब्द घटनेत असा सहजासहजी येऊन पडलेला नाही.

आणि हा रोग केवळ आपल्याच देशाचा होता असेही समजू नका. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराचे पोहण्याचे तलाव गोऱ्यांचे निराळे आणि काळ्यांचे निराळे होते. कोर्टाने हा भेद बेकायदा ठरविला, तेव्हा १९६३ साली शहराने काय करावे? सर्वांनी एकत्र पोहण्यापेक्षा कोणीच पोहू नये, म्हणून शहराने सार्वजनिक तलाव चालविणेच बंद केले! १९७१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयानेही, बहुमत निसटते का होईना, हे बंद करणे घटनाबाह्य मानले नाही. द्वेषापायी माणूस स्वतःच्या मुलांचेही पाणी तोडतो, ते असे.

आता बांधकामाच्या इतिहासाकडे वळू. ऑलिम्पिक सामने १८९६ साली अथेन्स येथे नव्याने सुरू झाले, तेव्हा पोहण्याच्या शर्यती चक्क समुद्रात झाल्या. पाणी बर्फासारखे गार. त्यात हंगेरीचा आल्फ्रेड हायोश हा १८ वर्षांचा तरुण अंगाला चरबी चोळून उतरला आणि दोन शर्यती जिंकला. हा मुलगा पोहणे का शिकला होता? तेरा वर्षांचा असताना त्याचे वडील डॅन्यूब नदीत बुडून वारले होते, म्हणून. हाच हायोश पुढे वास्तुशिल्पज्ञ झाला, आणि १९३० साली बुडापेस्ट शहरात, त्याच डॅन्यूब नदीतल्या बेटावर, त्याने आराखडा केलेला राष्ट्रीय जलतरण तलाव उभा राहिला. आज तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. बापाला ज्या नदीने नेले, तिच्या कुशीत त्याने इतरांच्या लेकरांसाठी सुरक्षित पाणी बांधून दिले.

अथेन्सनंतर १९०० साली शर्यती पॅरिसच्या सीन नदीत झाल्या. नदीच्या ओढीबरोबर पोहावयाचे, तेव्हा वेळ खरी किती हे कोणी सांगावे? १९०८ साली लंडनला मैदानातच १०० मीटर लांबीचा हौद बांधला. १९२४ साली पॅरिसला ५० मीटरचा तलाव आणि त्यात रांगा आखलेल्या, असे आजचे रूप आले. स्त्रियांना ऑलिम्पिकमध्ये पोहावयास मिळाले ते १९१२ पासून.

आपल्या देशात १९५१ साली दिल्लीला पहिले आशियाई सामने भरले. त्यात सचिन नाग यांनी १०० मीटर शर्यत जिंकून सुवर्णपदक मिळविले. १९८२ च्या आशियाई सामन्यांसाठी दिल्लीत तालकटोरा येथे मोठा जलतरण तलाव बांधला गेला. महाराष्ट्रात असा मोठा योग आला तो जानेवारी १९९४ च्या राष्ट्रीय सामन्यांच्या निमित्ताने. पुण्याजवळ म्हाळुंगे-बालेवाडी येथे सुमारे १५० एकर जागेवर श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभे राहिले. वास्तुशिल्पज्ञ होते शशी प्रभू. त्यात ५० मीटरचा स्पर्धेचा तलाव आणि उंचावरून सूर मारण्याचा खोल तलाव आहे. २००८ साली येथेच राष्ट्रकुल युवा सामने झाले. त्यांत कोल्हापूरच्या वीरधवल खाडे याने सुवर्णपदक मिळविले, आणि २०१० साली चीनमधील ग्वांगझू येथे आशियाई सामन्यांत ५० मीटर बटरफ्लाय शर्यतीत कांस्यपदक आणले. १९८६ साली खजानसिंग यांना मिळालेल्या रौप्यपदकानंतर, म्हणजे २४ वर्षांनी, भारताला आशियाई सामन्यांत पोहण्याचे पदक मिळाले.

असा तलाव बांधतात कसा, हे आपल्या हिशेबाने पाहू. लांबी ५० मीटर, रुंदी २५ मीटर, खोली निदान २ मीटर. गुणाकार केला तर २,५०० घनमीटर, म्हणजे २५ लाख लिटर पाणी. १०,००० लिटरचा एक टँकर धरला, तर २५० टँकर! ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यावे असे सरकारी प्रमाण आहे; त्या मानाने हे ४५ हजार माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. आता आपल्या सोलापूरच्या माणसाचे हसणे पुन्हा आठवते, होय ना?

पण येथेच नियोजनाचा कस लागतो. दर आठवड्याला हौद उपसून पुन्हा भरावयाचा म्हटले, तर महिन्याला कोटभर लिटर लागेल. तेच पाणी पंपाने ओढून, वाळूच्या गाळणीतून काढून, त्यात मापाने क्लोरीन मिसळून, सहा-आठ तासांत सगळा तलाव एकदा फिरवून घेतला, तर तेच पाणी दीर्घकाळ चालते. मग भर घालावी लागते ती वाफेची, अंगाबरोबर बाहेर गेलेल्या पाण्याची आणि गाळणी धुण्याची. आपल्या उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तरी एवढ्या तलावाचे रोज साडेबारा हजार लिटर होतात, म्हणजे सव्वा टँकर. वर छप्पर असेल, रात्री आच्छादन टाकले, तर तेही कमी होते. म्हणून कोणी म्हणाले, की "हौद बांधू या, यंत्राचे पुढे बघू," तर तो माणूस पैसे वाचवीत नाही, पाणी उधळतो आहे, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर हौद बसविला, तर त्याला तडे गेल्याशिवाय राहत नाहीत. तेव्हा मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोल गेले पाहिजे. आणखी एक गोष्ट ऐकून नवल वाटेल. जमिनीतले पाणी वर आलेले असताना तलाव रिकामा केला, तर तो होडीसारखा खालून उचलला जाण्याचा धोका असतो! तेव्हा भरण्याइतकाच रिकामा करण्याचाही विचार आधी करावा लागतो. शिवाय मुलांसाठी उथळ हौद वेगळा, स्त्रियांसाठी आडोशाच्या खोल्या, पाण्यात उतरण्यापूर्वी अंग धुण्याची सोय, आणि काठावर सदैव जागा असलेला जीवरक्षक. यांतले एक जरी वगळले, तरी तलाव अपुरा.

आणि आणखी एक वर्ग आहे, ज्याची आठवण आराखडा करताना सहसा राहत नाही. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक सामन्यांत ५० मीटर शर्यतीत ३७.३३ सेकंदांची विक्रमी वेळ देऊन त्यांनी सुवर्णपदक जिंकले. त्या सामन्यांत भारताला मिळालेले ते पहिले सुवर्णपदक. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जमिनीवर ज्याचे पाय चालत नाहीत, त्याला पाणी उचलून धरते. पण पाण्यापर्यंत पोहोचावयास पायऱ्याच पायऱ्या असतील, तर ते पाणी त्याच्यासाठी नाहीच. उताराची वाट ही शोभेची वस्तू नव्हे, ती तलावाचा दरवाजा आहे.

मग आपल्या जिल्ह्यात असा तलाव बांधावा की नाही? माझे मत असे, की प्रत्येक तालुक्याला ५० मीटरचा तलाव हवा, असा हट्ट धरण्याचे कारण नाही. पदकांसाठी थोडे मोठे तलाव पुरेत. जीव वाचविण्यासाठी मात्र २५ मीटरचा, कमी खोलीचा, गाळणयंत्र असलेला आणि बारा महिने चालणारा साधा हौद पुष्कळ झाला. पाच शाळांच्या मुलांनी आणि मुलींनी तो वाटून वापरावा. बांधण्यापूर्वी गावाने तीन प्रश्न विचारावेत. पाणी कोठून येणार, आणि टंचाईच्या वर्षी काय करणार? रोजचा खर्च कोण देणार? आणि दारावर कोणाला अडविले जाणार नाही याची हमी काय? फीत कापण्याचा दिवस एकच असतो; पंप चालविण्याचे दिवस वर्षाला तीनशे पासष्ट. या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाल्याशिवाय कोनशिला बसवू नये.

तोपर्यंत हात बांधून बसावे असेही नाही. शेततळ्याला कुंपण घालावे, आत दोर आणि टायर सोडून ठेवावेत, काठाला एक लांब बांबू ठेवावा. बुडणाऱ्याकडे झेप न घेता आधी बांबू, दोर किंवा धोतर फेकावे, हे मुलांना शाळेत शिकवावे. गावात अजून चांगले पोहणारे चुलते-मामे आहेत. त्यांच्या देखरेखीखाली, दोर बांधून, सुरक्षित विहिरीवर उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांबरोबर मुलींनाही शिकवावे. आणि त्या विहिरीवर कोणाचे पोर आले आहे, हे विचारू नये. पाणी कोणाला बुडविताना जात विचारीत नाही. मग तरावयास शिकविताना आपण ती का विचारावी?